मंजूर उत्तरं

"माझ्यापुढं बसलेला माणूस गप्प राहिला, असं नऊ वर्षांत एकदा बी झालं न्हाई, व्यंकटराव," रामकिशन सोनकांबळे म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा ऐटीत फुंकला. "मुका आणून बसवा. पंधरा मिनिटं बोलून जाईल." गुरुवारची संध्याकाळ होती. नांदेडात वजिराबादेत व्यंकटरावांचं हॉटेल, आणि फळीवरच्या रेडिओत 'लेखणीशी गप्पा' नुकत्याच सुरू झाल्या होत्या. गुरुवारी तो मुद्दाम रेडिओखालच्याच बाकड्यावर बसायचा. आवाज वरून येतोय आणि आवाजाचा मालक खाली भजी खातोय, हे गिऱ्हाइकांच्या आपोआप ध्यानात यावं, अशी ती जागा होती. वरच्या रामकिशननं विचारलं, "आपल्या लेखनामागची प्रेरणा कोणती?" त्यावर उदगीरकडचे एक कादंबरीकार, वर्गात धडा वाचणाऱ्या पोरासारखे, एका दमात म्हणाले, "आपला प्रश्न फार मार्मिक आहे कंसात थोडे हसून माझी प्रेरणा म्हणजे ही काळी माती पान उलटा." कोपऱ्यातल्या ऑटोवाल्याच्या नाकातून चहा आला, आणि मग सगळेच सुटले.

व्यंकटराव हसले नाहीत. ते गल्ल्यावरून शांतपणे म्हणाले, "सोनकांबळे सायेब, त्यांचं बी तुमीच लिहून देता काय?"

"पद्धत असते ती. केंद्राला आधी कागद पाठवावा लागतो. मंजूर होऊन येतो. मग तसंच बोलायचं असतं."

"हाव का? मंग त्या बिचाऱ्याला उदगिराहून कशाला बोलावता? दोघांचं बी तुमीच बोलून टाका की."

एवढंच. ह्यावर हसून दुसरा चहा मागवला असता तर विषय संपला असता. पण रामकिशनला त्या दिवशी दुसरा चहा मागवता आला नाही. तो उठला, रस्त्यावर आला, आणि त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. उन्हातून चालून आल्यावर होतं तसं नव्हे. आपण उगाच कुणाचं तरी ओझं धरून बसलोय आणि तो माणूस कधीचा निघून गेलाय, तसं. पाटबंधारे खात्यात तो कारकून होता. खात्याजवळ पाट होते, बंधारे होते, पाणी तेवढं नव्हतं. त्यामुळं कामाचा ताण असा काही नव्हता. रेडिओ हा त्याचा जोडधंदा. केंद्र दुसऱ्या गावी, लांब. केंद्रानं त्याला एक टेपरेकॉर्डर, एक माईक आणि एका बाजूनं मेलेला हेडफोन देऊन ठेवलेला. नांदेड-लातुराकडचे पत्रकार, लेखक त्यानं गाठायचे, आधी सवाल-जवाब लिहून दोन प्रती पाठवायच्या, शिक्का मारून आलेला कागद त्या माणसापुढं धरायचा, त्यानं वाचायचं, ह्यानं रीळ एसटीच्या पार्सलात टाकायचं. लोकांना लिहायला वेळ नसतो म्हणून पहिल्यांदा त्यानं एकाची उत्तरं लिहून दिली. मग दुसऱ्याची. मग त्याच्या ध्यानात आलं, की लिहून दिलं की माणसं खूश असतात. आपण इतके समजूतदार आहोत हे त्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं. पुस्तक वाचायची गरज पडत नव्हती. प्रेरणा काळी माती, आवडते वाचन संतसाहित्य, नव्या लेखकांना संदेश भरपूर वाचा. नऊ वर्षांत त्यानं असा एकही प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर त्याच्या पिशवीत आधीच टाईप होऊन पडलेलं नव्हतं.

घरी आला तर शिवकन्या दारातच कळश्या मांडून बसलेली. "अहो, उद्या नळ येनार का? तुमच्या खात्याला ठाऊक असंल."

"जलसाठ्याची एकंदर परिस्थिती पाहता," त्यानं सुरू केलं, आणि स्वतःच थबकला.

"मला रेडिओ नको," शिवकन्या म्हणाली. "हाव का न्हाई ते सांगा, मनजे मी पहाटं उठते."

तो चपला काढायला वाकला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि कळश्या एकात एक घालून आत नेल्या.

लातूरचं काम आधीच ठरलेलं होतं. मल्लिकार्जुन बिराजदार. तीस वर्षं एक साप्ताहिक चालवलेले, बाहत्तरच्या दुष्काळावर एकच पुस्तक लिहिलेले. घशाला गाठ झालेली. रविवारी सोलापुरात ऑपरेशन, आणि त्यात आवाजाची पेटीच काढणार, म्हणजे पुढं बोलणं बंद. केंद्राच्या पत्रात शेवटी पेनानं लिहिलेलं होतं, 'आवाज जाण्यापूर्वी घ्यावा.' नळ जाण्यापूर्वी भरून घ्या म्हणतात तसं. कागद मंजूर होऊन आला होता. बिराजदारांची प्रेरणाही काळी मातीच होती. शुक्रवारी सकाळी रामकिशन लोहा-अहमदपूर मार्गे लातूरच्या गाडीत बसला. मांडीवर मशीन, आणि व्यंकटरावांचं ते वाक्य. एरवी तो गाडीत झोपायचा. त्या दिवशी झोप येईना, म्हणून त्यानं केंद्रानं संदर्भासाठी पाठवलेलं पुस्तक उघडलं. नऊ वर्षांतलं पहिलं. बाहेर माळ नुसता तापत पडलेला, कोरड्या विहिरींच्या काठांवर बाया रांगेनं वाकलेल्या, आणि पुस्तकातही तेच, फक्त अकरा वर्षांपूर्वीचं. वर बघावं की खाली, काही फरक पडत नव्हता. चाकुराच्या अलीकडं पान चौसष्टवर त्याला त्याची माय भेटली.

'इस्लापूरजवळच्या तलावाच्या कामावर सरजाबाई नावाच्या मजूर बाई भेटल्या. आपणांस काय हवे असे विचारता त्या म्हणाल्या, की शासनाची व्यवस्था उत्तम असून आमची काही तक्रार नाही.'

गाडी खड्ड्यात आपटली. मशीन त्याच्या पोटात रुतलं. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं नाही, कारण ते त्याला पाठ होतं. ते त्याचंच होतं. बाहत्तर साली तो त्या कामावर हजेरी घ्यायला होता. मॅट्रिक झालेला, वस्तीतला पहिला, खिशाला दोन पेनं. माय त्याच्याच हजेरीवर खडी फोडायची. दुपारचं ऊन, रांजणापाशी एक बाई बसवलेली, ती ह्यांच्या वस्तीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची आणि बाकीच्यांच्या हातात तांब्या द्यायची. ह्यानं ते रोज बघितलेलं आणि कधी बघितलं नव्हतं. अशात एक धोतरवाले पत्रकार आले, डोक्याला ओला टॉवेल, आणि नेमके मायपुढं उकिडवे बसले. बाई, काय पाहिजे तुम्हाला? मायनं हातातला हातोडा खाली ठेवला, पदर तोंडावरून काढला, आणि ती बोलायला लागली. मागं इंजिनिअर उभा होता. रामकिशन घाईनं पुढं झाला आणि शाळेत भाषणाला उभं राहावं तसा मोठ्यानं म्हणाला, शासनाची व्यवस्था उत्तम आहे. मायचे ओठ हलत होते ते त्याला आठवत होते. वरच्या ओठावर खडीची पांढरी भुकटी, तीही आठवत होती. आवाज मात्र त्याला स्वतःचाच आठवत होता. पत्रकार गेल्यावर माय म्हणाली, "चांगलं बोललास रे बाबा," आणि तिनं हातोडा उचलला. ती चार वर्षांपूर्वी गेली. त्याआधी पाच वर्षं घरात मशीन होतं, माईक होता, आणि त्यानं तालुक्यातल्या सगळ्या कवींचे आवाज धरले, मायचा एकदाही धरला नाही. एकदा तिनं विचारलं होतं, "ह्याच्यात माझं बी बसंल का रे?" तो म्हणाला होता, "बसंल की, सवडीनं." आणि मग त्यानं कोण्या गझलकाराकडं निघताना दार ओढून घेतलं होतं.

लातूरला जिल्हा होऊन आठ-नऊ महिने झाले होते आणि ते अजून कुणाच्याच अंगातून उतरलं नव्हतं. जिल्हा सलून, जिल्हा भेळ, जिल्हा पंक्चर; एका पाटीवर जुनं 'तालुका' खरवडायचं राहून गेल्यामुळं ते दुकान दोन्हीकडचं झालं होतं. नळ बंद, टँकर सात दिवसांनी. बिराजदारांच्या गल्लीत दाराबाहेर घागरी, डबे, पिंपं अशी रांग लागलेली, प्रत्येकावर ऑईलपेंटनं नाव. माणसं घरात आणि भांडी रांगेत. उमादेवींनी, म्हणजे बिराजदारांच्या बायकोनं, दार उघडलं आणि मशीनकडं बघून म्हणाल्या, "ह्यात जास्त बोलावं लागंल का? डॉक्टरांनी सांगितलंय, जपून वापरा. आन ह्ये सकाळपासून रेडिओवाला येनार म्हनून गल्लीभर सांगून राहिलेत."

बिराजदार खाटेवर बसलेले. आवाज म्हणावा असं काही उरलं नव्हतं. कागद फाटावा तशी खरखर यायची, आणि तिच्यात मधेच एखादा शब्द नीट उभा राहायचा. रामकिशननं पाया पडून मंजूर कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून पहिलं उत्तर वाचलं, दुसरं वाचलं.

"हे कोण बोलून राहिलंय?"

"तुम्ही, अण्णा."

"मी?" ते पुन्हा वाचायला लागले. "उमा, ऐक. 'पत्रकारिता हे माझ्यासाठी व्रत आहे.' तीस वर्षं तू माझ्यासंग राहिलीस. व्रत बिरत दिसलं का कुठं?"

"उपास घडले लई," उमादेवी आतून म्हणाल्या.

बिराजदारांनी कागद उशीखाली सारला. "चांगलं लिहिलंस. मी मेल्यावर वाच. आता तुला जे खरंच इचारायचं हाय ते इचार. रविवारी हे नरडं जानार. ह्याच्यात थोडंच उरलंय, ते मला तुझ्या काळ्या मातीवर घालवायचं न्हाई."

रामकिशननं रीळ फिरवलं होतं. मशीन चालू झालं की पहिला प्रश्न आपोआप तोंडातून यायचा; तो आला नाही. चाकं फिरत राहिली. आपण आता विचारलं पाहिजे, त्याला वाटलं. लोक काय विचारतात? समोरच्या कोनाड्यात पाण्याचा एक तांब्या झाकून ठेवलेला. झाकणावर एक मुंगी होती. मुंगीला प्रेरणा कोणती. बिराजदार त्याच्याकडं बघत होते, पत्रकार बघतो तसं, घाई न करता. गप्प बसलेला माणूस आपण नऊ वर्षं माईकपुढं येऊ दिला नाही, आणि आता तो आपल्याच अंगात येऊन बसलाय, आणि तो तिथं फार दिवसांपासून होता असं दिसतंय. दीड मिनिट गेलं. रिळावर दीड मिनिट नुसता पंखा भरला गेला.

"पान चौसष्ट," शेवटी तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. त्यात रेडिओ नव्हता. "इस्लापूरच्या कामावरची सरजाबाई. ती माझी माय."

बिराजदारांनी चष्मा काढला. "तू त्यो हजेरीवाला! दोन पेनं व्हती खिशाला."

"हाव, अण्णा."

"लई वरडून बोललास तू. मला चार दिस कानात घुमत व्हतं. मी तेच छापलं. मागं सायेब उभा, तुझी नोकरी जाईल वाटलं." ते खोकले. "पर ती बोलली व्हती. मी तिच्याकडंच बघून व्हतो."

"काय म्हनली?"

रामकिशनच्या पिशवीत हा प्रश्न नव्हता. त्याला उत्तर माहीत नव्हतं. बिराजदार पुढं सरकले, माईकच्या अगदी जवळ तोंड नेलं, डोळे मिटले, आणि बोलायला लागणार तेवढ्यात गल्लीत टँकर शिरला.

सात दिवसांनी आलेला टँकर. भोंगा, मग बाया, मग भांडी. रांगेत नाव घालून ठेवलेल्या घागरी एका क्षणात बिननावाच्या झाल्या. कुणीतरी "माझं पिंप पुढं व्हतं गं सटवे!" असं ओरडलं, कुणीतरी "जिल्हा झाला तरी पाईप त्योच हाय" असं. रामकिशनच्या डोक्यात एकच आलं, आवाज बुडेल. त्यानं जिवंत बाजूचा हेडफोन कानावर दाबला, एक हात बटणावर ठेवला आणि डोळे मशीनवरच्या आवाजाच्या काट्यावर लावले. काटा फार वर गेला तर फाटतं, फार खाली गेला तर जातं. टँकर वाढला की बटण थोडं मागं, खरखर आली की पुढं. त्यानं एवढं नीट काम नऊ वर्षांत केलं नव्हतं. कानात येत होतं सगळं, बादल्या, शिव्या, पाण्याचा लोट, आणि त्याच्या खालून वाळूतून चालावं तशी ती खरखर. पण कान आणि तो, ह्यांच्यामधे काटा उभा होता. माय, असा एक शब्द आला. म्हनली, असा एक आला. मग काटा थरथरला, त्यानं बटण पुढं केलं, काटा वर उठला, थांबला, उठला. अर्ध्या मिनिटानं काटा खाली बसला. त्यानं मान वर केली. बिराजदार खाटेवर मागं रेलले होते, ओठ ओले, हलायचे थांबलेले.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं, अण्णा. काटा हलत होता."

"मंग झालं." त्यांनी हात हलवला. "माझ्याकडं अकरा वर्षं पडून व्हतं. आता तुझं तू बघ."

त्यानं तोंड उघडलं, परत एकदा सांगता का म्हणून, पण उमादेवी तोवर तांब्या घेऊन मधे उभ्या राहिल्या होत्या. "आता बास. एक शब्द न्हाई. मला बी दोन दिवस उरलेत ना त्यांचे? माझ्यासंग बोलू द्या की जरा." तो मशीन आवरून बाहेर आला, टँकरच्या चिखलातून चालत स्टँडवर गेला. रीळ मागं फिरवून ऐकावं म्हणून मशीन मांडीवर घेतलं तर सेल संपलेले. केंद्र एका मुलाखतीपुरतेच सेल द्यायचं, आणि दीड मिनिट पंख्याला गेलं होतं. पार्सलची गाडी चारला. ह्या गाडीला रीळ गेलं नाही तर कार्यक्रम पुढं ढकलतात, आणि पुढं ढकललेलं कधी लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं रिळावर चिठ्ठी बांधली, 'संहितेबाहेरचा मजकूर महत्त्वाचा आहे, कृपया कापू नये', आणि हमालाच्या हातात पार्सल देताना त्याला वाटलं, की आपण मायला पहिल्यांदा एसटीत बसवून दिलं. रेडिओवर बोलायला चाललीय. सगळा मराठवाडा ऐकेल, त्यात आपणही ऐकू. परतीच्या गाडीत तो ते अर्धं मिनिट मनातल्या मनात भरत राहिला. पाणी मागितलं असेल. सावली मागितली असेल. हातात तांब्या मागितला असेल, सगळ्यांच्या हातात देतात तसा. माझ्या पोराला उन्हात उभं करू नका, असं म्हणाली असेल. प्रत्येक उत्तर जमत होतं, नीट टाईप केल्यासारखं, आणि म्हणूनच त्याला त्यांचा कंटाळा येत होता. लोह्यापर्यंत त्यानं ते बंद केलं.

पुढच्या तिसऱ्या गुरुवारी तो व्यंकटरावांच्या हॉटेलात बसला नाही. लातूरला गेला. ऑपरेशन नीट झालं होतं. बिराजदारांच्या गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर पोरांची पाटी. त्याला बघून त्यांनी लिहिलं, 'बस'. उमादेवींनी रेडिओ खाटेवरच आणून ठेवला, गल्लीतल्या चार बाया उंबऱ्यात येऊन बसल्या. सव्वासात झाले. रामकिशनचा आवाज आला, "नमस्कार, आज आपल्यासोबत आहेत," आणि खोलीतल्या रामकिशनला लाज वाटली. तो आवाज त्यानं घरीच, आधी कधीतरी, मंजूर कागदावरून भरून पाठवलेला होता. केंद्राला तसा जादा घेऊन ठेवायला आवडायचा. मग रेडिओतले बिराजदार बोलले. भरदार, कोवळा, साजूक तुपासारखा आवाज. "पत्रकारिता हे माझ्यासाठी व्रत आहे." उंबऱ्यातली एक बाई म्हणाली, "अगं बाई, अण्णा कवळेपनी असे बोलायचे?" उमादेवींनी नवऱ्याकडं पाहिलं, रेडिओकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला, हसल्या की काय ते कळलं नाही. पंधरा मिनिटं तो आवाज मंजूर कागद वाचत गेला, काळी माती, संतसाहित्य, भरपूर वाचा. टँकर नव्हता. पंखा नव्हता. पान चौसष्ट नव्हतं.

बिराजदारांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज चांगलाय. कुणाचा?'

रामकिशन खाटेच्या काठावर बसला. "अण्णा, त्या दिवशी टँकरमधी मला ऐकू नाही आलं. माय काय म्हनली व्हती?"

त्यांनी खडू उचलला. तो बोटांत फिरवत त्यांनी कोऱ्या पाटीकडं पाहिलं. खडूची भुकटी त्यांच्या लुंगीवर पडत होती. मग त्यांनी लिहिलं, सावकाश, एकेक शब्द: 'त्या दिवशी याद व्हतं. दवाखान्यातून आल्यापासून लई गेलंय. टेपात हाय. ऐक.'

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून केंद्रावर गेला. कार्यक्रम अधिकारी भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. बिराजदार साहेबांचा आवाज प्रसारणयोग्य नव्हता, तो म्हणाला, आणि मागं पाण्याचं भांडण होतं. बरं झालं तुमचा कागद मंजूर होता, आमच्या निवेदकानं छान वाचला, दोन पत्रंही आली आहेत. मूळ रीळ? त्यानं रजिस्टर मागवून बोट फिरवलं. रिळांची टंचाई असल्यामुळं ते मंगळवारी पुसून वापरात घेतलं होतं. त्यावर आता देवणी बैलांच्या खुरांची निगा ह्या विषयावर एका पशुवैद्यांचं भाषण होतं, आणि ते सोमवारी पहाटे सहा पन्नासला लागणार होतं.